चार बोटं फोम

शहरातली जवळपास प्रत्येक मोटरसायकल सीटवालीने चालवली होती, पण एकही पाण्याच्या टाकीच्या पुढे नेली नव्हती.

त्याचं असं होतं, की तिचं दुकान सीटचं. बस थांब्यामागच्या गल्लीत, शटर कायम अर्ध्यावर अडकलेलं, त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण आधी वाकायचा आणि मग बोलायचा. आत जाड सुईचं शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या, आणि कोपऱ्यात छताला भिडलेला फोमच्या तुकड्यांचा डोंगर. नवी सीट चढवून झाली की ती गिऱ्हाइकापुढे हात करायची, चावी द्या. गिऱ्हाईक नवं असलं तर चाचरायचं. जुनं असलं तर मुकाट्याने द्यायचं. मग ही बाई एप्रनसकट गाडीवर बसायची, गल्लीतून बाहेर काढायची, चौकाला वळसा घालून टाकीपर्यंत जायची आणि परत यायची. सीट काही नुसती बसून कळत नाही, असं तिचं म्हणणं. खाली वाकड्या रस्त्यावर ती आपल्याशी कशी वागते ते बघावं लागतं. परत आल्यावर गाडी उभी करून ती दोन क्षण सीटकडे बघायची, जसं एखादी आई खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघते, आणि कधी कधी म्हणायची, "उद्या या. डावीकडे चढलीय जरा."

अशा किती गाड्या तिच्या हाताखालून गेल्या याची गणतीच नव्हती. घरगुती, फटफट आवाजाच्या, पोरांच्या चकचकीत, दूधवाल्यांच्या वाकलेल्या. कोणत्या गाडीचा क्लच कुठे पकडतो, कोणती दुसऱ्या गिअरला रुसते, सगळं तिला ठाऊक. पण टाकीपर्यंतच. लांब जायचं झालं की ती डबलसीट जायची, आणि पुढे बसायचा नवरा.

नवरा मोटार चालवायला शिकवायचा. त्याच्या शिकवणीच्या गाडीत त्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक होता, आणि शिकणारा घाबरला की मास्तर शांतपणे आपला ब्रेक दाबून म्हणायचा, "आता सांगा, आपण का थांबलो?" अर्ध्या शहराला त्याने गाडी शिकवली होती, त्यामुळे अर्धं शहर त्याला मास्तर म्हणायचं आणि उरलेलं अर्धं त्यांचं ऐकून म्हणायचं. बायकोला मात्र त्याने शिकवलं नव्हतं. घरचं माणूस शिकवायला घेतलं की घरात शांतता राहत नाही, हा त्याचा अनुभवाचा सिद्धांत होता. तिने परवाना काढला तो परस्पर. संध्याकाळी जेवताना ताटाशेजारी ठेवला. मास्तरने चष्मा वर करून तो उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, फोटो बरा आलाय.

दरवर्षी थंडी ओसरली की तीन मोटरसायकली डोंगरात जायच्या. पुढे कॅप्टन. हा कुठल्याही फौजेत नव्हता, त्याची बेकरी होती. पण पहाटे उठायची सवय आणि गळ्यातली शिट्टी या दोन गोष्टींवर तो कॅप्टन झाला होता. मध्ये डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई. डॉक्टर गुरांचा, त्यामुळे कोणाला काही दुखलं तर तो आधी दात बघायला जायचा, अशी चेष्टा चालायची. आणि शेवटी मास्तर, मागे सीटवाली. दोन-तीन दिवस घाट, ओढे, धर्मशाळेसारख्या साध्या खोल्या, आणि सगळ्यात शेवटी मोठी खिंड. खिंड ओलांडली की पलीकडे उतरायचं, नदीवर हातपाय धुवायचे आणि घरी यायचं.

ती खिंड सीटवालीने दरवर्षी चालवली होती. मागे बसून. वळण आलं की तिचा डावा पाय हवेतच गिअर खाली टाकायचा, उजवा हात मांडीवर पीळ द्यायचा. कधी मास्तरने गिअर उशिरा टाकला की तिच्या तोंडून "हं" निघायचं. मास्तरला वाटायचं थंडी वाजतेय.

यंदा मास्तर बल्ब बदलताना स्टुलावरून पडला. डावं मनगट. प्लास्टर निघालं, पण पकड काही येईना. चहाचा कप उचलला की बशीत अर्धा सांडायचा. हाडाच्या डॉक्टरने क्लच हा शब्द उच्चारायचीही बंदी केली. तेव्हा बेकरीत मागच्या बाजूला, पिठाच्या पोत्यांवर बसून, यंदाची सफर रद्द करायची चर्चा सुरू झाली. चर्चा म्हणजे काय, जो तो दुसऱ्याला समजावत होता की पुढच्या वर्षी जाऊ.

सीटवाली दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, "गाडीला दोन हात लागतात. माझे आहेत की."

कॅप्टनच्या हातातली सुरी पावात तशीच थांबली. डॉक्टरने मास्तरकडे पाहिलं, मास्तरने पोत्याकडे. डॉक्टरीणबाई तेवढी हसली, पण तीही तोंड फिरवून.

"घाट आहे तो," मास्तर म्हणाला. "टाकीपर्यंतचा रस्ता नाही."

"घाट मी तुमच्याइतक्याच वेळा पाहिलाय. तुम्ही समोर बघत होता, मी सगळीकडे."

बरीच घासाघीस झाली. शेवटी मास्तरने अट घातली, आणि ती कॅप्टनसमोर घातली म्हणजे साक्षीदार झाला. खिंडीच्या पायथ्यापर्यंत ती चालवेल. पण तोवर त्याला एकदा जरी खरी भीती वाटली, तर खिंड टेम्पोने. पायथ्याच्या मुक्कामावरून मालाचा टेम्पो रोज पलीकडे जायचा. गाडी मागे बांधायची, आपण ड्रायव्हरशेजारी बसायचं. यावर वाद नाही, रुसवा नाही.

"आणि भीती वाटली की नाही ते कोण ठरवणार?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

"ज्याला वाटली तो."

सीटवालीने मान्य केलं. तिला खिंड हवी होती. दुसरं काही नको होतं.

पहिला दिवस झक्क गेला असं ती म्हणाली असती. मास्तरचं मत वेगळं असतं. शहराबाहेर पडताच त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. वाऱ्यावर ओरडून तो सांगत होता, पुढे ट्रक, उजवीकडे खड्डा, कुत्रं, कुत्रं, तिसऱ्यात घे, हॉर्न दे. सीटवालीने आयुष्यभर गिऱ्हाइकांचं ऐकून घेतलं होतं, त्यामुळे एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडणं तिला जमायचं. हेल्मेटमध्ये तर एकच कान पुरला. पण एक गोष्ट तिला सोडता येईना. मास्तरचा उजवा पाय. पुढे काही आलं की तो फूटरेस्टवर असा दाबायचा की जणू तिथे त्याचा दुसरा ब्रेक आहे. अख्खी गाडी थरथरायची. चहाला थांबल्यावर तिने त्याला फूटरेस्ट दाखवला. रबर एका बाजूने दबलं होतं.

"तुमचा ब्रेक इथे नाही," ती म्हणाली.

"सवय आहे. जाईल."

"पाय आधी जाईल, अहो. सवय नंतर."

कॅप्टन मध्ये पडला आणि म्हणाला की मास्तरला फूटरेस्टऐवजी एक खेळण्यातलं स्टिअरिंग घेऊन द्यावं, म्हणजे दोघांचंही समाधान. मास्तर हसला. हसला म्हणून सीटवालीला वाटलं, जमतंय.

दुसऱ्या दिवशी घाट सुरू झाला. रस्ता डोंगराच्या कडेने चिकटून वर जायचा, एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला खाली सरळ दरी. सुरुवातीची वळणं तिने अशी घेतली, की कॅप्टनने आरशातून अंगठा दाखवला. गाडी तिच्याशी बोलत होती. इंजिनाचा सूर, टायरखालचं खरखरीत डांबर, सगळं ओळखीचं. फक्त मधूनच काहीतरी चुकायचं. वळण घेताना गाडी झुकायला लागली की मागून कोणीतरी तिला उभं करतंय असं वाटायचं. आधी तिने वाऱ्याला दोष दिला, मग टायरमधल्या हवेला.

मग ते वळण आलं. डोंगराला आत खोबण पडली होती, रस्ता तिच्यात शिरून दरीच्या बाजूला वळत होता. तिने गाडी दरीकडे झुकवली, आणि त्याच क्षणी मास्तर अंगाने डोंगराकडे गेला. सगळ्या वजनासकट. गाडी वळता वळता सरळ झाली आणि खडकाच्या बाजूला निघाली. तिने वेग कमी केला, ब्रेक धरला, पाय टेकवला. पायाखाली बारीक खडी. गाडी अगदी सावकाश, एखादी म्हातारी गाय बसावी तशी, आडवी झाली. दोघं गटाराच्या कडेला गवतात बसलेले.

काही लागलं नव्हतं. इंडिकेटर तुटला, तिचा गुडघा खरचटला. डॉक्टर धावत आला आणि त्याने खरोखरच आधी मास्तरचे दात पाहिले. कॅप्टन आणि तिने गाडी उभी केली.

मास्तर कपडे झटकत उठला. ओरडला नाही, चिडला नाही. शिकवणीच्या गाडीत ब्रेक दाबून झाल्यावर जो आवाज लागायचा, त्याच आवाजात म्हणाला, "टेम्पो."

सीटवालीच्या जिभेवर बरंच काही आलं. तुम्ही झुकलात. तुम्ही पाडलंत. पण अट अटच होती, आणि त्याचा बरा हात झटकून झालेले कपडे पुन्हा पुन्हा झटकत होता. भीती खरी होती. तिने किक मारली.

पायथ्याच्या मुक्कामाला ते दुपार कलताना पोचले. एक लांबट इमारत, फरसबंद अंगण, अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, आणि मधोमध टेम्पो. टेम्पोवाला चांगला माणूस होता. त्याने हात पसरून गाडीची लांबी मापली, मागची फळी टेकवून बघितली, आणि धीर देत म्हणाला, "काळजी नको, बाई. घट्ट बांधली की हलतसुद्धा नाही. मागच्या खेपेला एक कपाट नेलं, आरशाला चरा नाही."

कपाट हा शब्द तिच्या मनाला लागला. डॉक्टरीणबाईने दिलेली मलमपट्टी गुडघ्यावर, समोरच्या चहाला साय आलेली. ती उठली.

"बांधायच्या आधी एकदा बघू द्या," ती म्हणाली. तिने गाडी मेन स्टँडवर चढवली आणि नवऱ्याला हाक मारली. "अहो, बसा जरा मागे."

"कशाला? उभी आहे गाडी."

"म्हणूनच म्हणते. उभ्या गाडीची तरी भीती वाटत नाही ना?"

मास्तर येऊन बसला. ती पुढे बसली आणि तिने आरशात बघितलं. खाली कोपऱ्यात तिच्या खांद्याचं एक टोक, आणि त्याच्या वर मास्तरचा अख्खा चेहरा. भिंतीवरून डोकावणाऱ्या शेजाऱ्यासारखा. तिने दुसऱ्या आरशात बघितलं. तिथेही मास्तर.

"आता उतरा."

तो उतरला. मग ती स्वतः मागे जाऊन बसली. इतक्या वर्षांची तिची जागा. अंग आपोआप तिथे मावलं. आणि तिथून तिला सगळं दिसलं. पेट्रोलची टाकी, काटे, हँडल, अंगणाचं फाटक, फाटकातून रस्ता, रस्त्यावरून वर चढत गेलेली वळणं, दरीतलं धुकं. पुढे कोणी बसलेलं असतं तरी दिसलं असतं. दिसणारच होतं. त्यासाठीच तर तिने ती सीट तशी केली होती.

लग्नानंतरच्या पहिल्या सफरीत तिने डोंगर बघितलाच नव्हता. मास्तरची पाठ रुंद, ती बुटकी. अख्खा घाट तिने त्याच्या जाकिटाची मधली शिवण बघत काढला होता. शिवणही वाकडी होती. परत आल्यावर एका रविवारी दुकान बंद ठेवून तिने मागच्या सीटमध्ये चार बोटं फोम भरला, कडा गोल केल्या, वर नवं रेक्झिन ओढलं. पुढच्या वर्षी तिचं डोकं त्याच्या खांद्याच्या वर आलं आणि तिला खिंड दिसली. पुढे गाडी बदलली, तरी मागच्या सीटचं माप तिने तेच ठेवलं. दुकानातली सगळी मापं ती विसरायची, हे नाही.

आणि यंदा त्या मापावर तिच्यापेक्षा उंच माणूस बसला होता. मचाणावर बसवावा तसा.

"सापडलं," ती म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. टेम्पोवालाही. "तुम्हाला रस्ता दिसतोय."

"मग? डोळे बांधून बसू?"

"तुम्हाला वळण माझ्याइतकंच दिसतं, थोडं आधीच दिसतं. दिसलं की तुम्ही चालवायला लागता. मी झुकायच्या आधी तुम्ही ठरवता, किती झुकायचं ते. आणि दरी दिसली की झुकतच नाही."

"म्हणजे गाडी दोघं चालवताय," कॅप्टन म्हणाला.

"दोघं. आणि गाडी ऐकतेय ह्यांच्या वजनाचं, कारण ते जास्त आहे."

डॉक्टरीणबाई म्हणाली, मी तर बाई घाटात डोळेच मिटून घेते. डॉक्टरने तिच्याकडे असं बघितलं, जणू संसारातलं मोठं गुपित आज फुटलं. मास्तर विचार करत होता, हे तिला कळलं. विचार करताना तो खालचा ओठ चावायचा.

सीटवालीने गाडीला लटकवलेल्या पिशवीत हात घातला. बाकीचे लोक सफरीला औषधं नेतात, ती हत्यारं न्यायची. पेचकस, करवतीचं सुटं पातं, मेणाची दोरी. सीट काढून तिने अंगणातल्या बाकावर उलटी ठेवली, पेचकसाने खालच्या पिना एकेक उचकटल्या आणि मागच्या बाजूचं रेक्झिन सोलून मागे टाकलं. आतून पिवळा फोम निघाला, कडेला तिच्याच हातच्या कापाच्या खुणा. तिने त्यावर बोटं ठेवून माप घेतलं. चार बोटं. पातं टेकवलं.

"थांब," मास्तर म्हणाला. "ती तुझी जागा आहे."

"माहीत आहे. मीच केली."

"फोम परत भरता येतो ना? घरी गेल्यावर."

"येतो." पातं फोमात उतरलं. "पण मी भरणार नाही."

अंगणात दोरीवरच्या चादरी हलत होत्या. मास्तर बाकापाशी येऊन उभा राहिला.

"आणि माझा हात बरा झाला की?"

"ही गाडी तुमची, तुम्ही चालवा. मी दुसरी घेईन." तिने मान वर केली नाही. आवाजात राग नव्हता, दुकानात माप सांगावं तसं ती सांगत होती. "मागे बसून बघायचं तेवढं माझं बघून झालं. आता मला समोरून बघायचंय. हे तुम्हाला आज सांगतेय असं समजू नका. मनगट मोडलं नसतं तरी यंदा सांगणार होते."

मास्तरने खालचा ओठ चावला. डॉक्टर उगाच आकाशाकडे बघत होता, कॅप्टन शिट्टीशी खेळत होता. सीट बाकावर डगमगली, पातं तिरकं जायला लागलं. तेव्हा मास्तर खाली बसला आणि त्याने आपल्या बऱ्या हाताने सीटचा सांगाडा घट्ट दाबून धरला.

"हलतेय ती," तो म्हणाला. "सरळ काप."

चार बोटांचा तुकडा सुटून आला. रेक्झिन पुन्हा ओढायला पिनांचं यंत्र नव्हतं, म्हणून तिने खालून दोरीची जाळी विणली, आणि त्यासाठी वाकडी सुई दिली डॉक्टरने, जी तो गुरांच्या जखमा शिवायला वापरायचा. सुई उकळलेली आहे असं त्याने तीनदा सांगितलं. सीटला काही फरक पडत नाही, असं तिने एकदा सांगितलं. कापलेला तुकडा कॅप्टनने उचलला आणि रात्री उशाला घेतला.

तरी मास्तरने टेम्पो रद्द केला नाही. पहिल्या चहाच्या टपरीपर्यंत बघू, टेम्पो मागून येऊ दे, असं ठरलं. तिने तेही मान्य केलं. टपरी म्हणजे चांगली पाच-सहा वळणं वर होती, आणि तिला तेवढी पुरणार होती.

सकाळी निघाले. मास्तर मागे बसला आणि लगेच तक्रार सुरू झाली, की मला काही दिसत नाही. काय दिसतंय, तिने विचारलं. तुझी पाठ, तो म्हणाला. जाकिटाची शिवण. सरळ आहे का वाकडी, तिने विचारलं. सरळ आहे, असं मागून आलं.

पहिल्या वळणाला फूटरेस्टवर पाय दाबला गेला. दुसऱ्यालाही, पण हलका. तिसऱ्याला तिने गाडी झुकवली आणि वाट बघितली, मागून कोणी उभी करतंय का. कोणी केली नाही. मास्तरचं वजन तिच्यासोबत झुकलं, एखादं पोतं नीट बांधलेलं असावं तसं, आणि गाडी वळणातून अशी निघाली की तिच्या तोंडून तेच जुनं "हं" निघालं. या वेळी ते थंडीचं नाही, हे मास्तरला कळलं असावं. चौथ्या वळणाला त्याचा पाय गप्प होता.

टपरीशी तिने गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवलं. वळून बघितलं नाही. मागून धुरळा उडवत टेम्पो आला आणि शेजारी उभा राहिला, मागची फळी खडखडत.

"काय मास्तर?" टेम्पोवाल्याने विचारलं. "बांधायची?"

मास्तर उतरला. दोन पावलं चालून टेम्पोपाशी गेला. सीटवाली हँडल धरून समोर बघत बसली. तिला सगळं ऐकू येत होतं.

"तुम्ही व्हा पुढे," मास्तर सांगत होता. "आम्हाला वेळ लागेल. बाई सावकाश चालवतात."

"सावकाश?" टेम्पोवाला म्हणाला. "अहो, मी मागून दामटवतोय मघापासून."

मास्तर परत येऊन बसला. तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. ती खूण तिचीच होती. मागे बसल्यावर, नीट बसले, चला, असं सांगायला ती दोनदा थोपटायची. त्याने ती पहिल्यांदाच वापरली होती, आणि जरा जोरातच.

खिंडीच्या अलीकडे रस्त्यावरून ओढा वाहत होता. पाणी फार नाही, पण खाली गोल दगड, आणि कडेला थेट उतार. कॅप्टन पार झाला, डॉक्टर पार झाला, डॉक्टरीणबाईने अर्थातच डोळे मिटले होते. सीटवाली पाण्याशी क्षणभर थांबली.

"पहिल्यात," मागून मास्तर म्हणाला. "आणि मध्ये थांबू नकोस."

"पहिल्यातच आहे."

"माहीत आहे. पाठीतून कळलं."

एवढंच. नंतर तो एक शब्द बोलला नाही. पुढचं चाक दगडावरून घसरलं, तिने हँडल ढिलं सोडलं, चाकाने आपली वाट आपण शोधली, मागचं चाक त्याच्यामागून आलं. मागे बसलेला माणूस असा स्थिर होता, की त्याला जणू शिवून बसवलं आहे. पलीकडे डांबर लागलं तेव्हा तिचे बूट पाण्याने भरले होते.

खिंडीच्या माथ्यावर कॅप्टनने शिट्टी वाजवली. दरवर्षी वाजवायचा, पण या वेळी लांब वाजवली आणि मध्ये दम लागला. डॉक्टरीणबाई सीटवालीच्या गळ्यात पडली, तेव्हा हेल्मेटवर हेल्मेट आपटलं. वारा इतका होता की बोललेलं कोणालाच ऐकू गेलं नाही, त्यामुळे कोणाला भाषण करावं लागलं नाही. सीटवाली एका दगडावर बसून बुटातलं पाणी ओतत होती. समोर चढून आलेली वाट, सगळी वळणं, एकाखाली एक. दर वर्षी ती इथून हीच वाट बघायची. आज ती तिला आतून ओळखीची वाटली, घरातल्या जिन्यासारखी.

मास्तर शेजारी येऊन बसला. "दुसरी गाडी कोणती घेणार?" त्याने विचारलं.

"अजून ठरलं नाही. आधी सीट बघेन."

"मागची सीट जरा उंच ठेव," तो म्हणाला. "कधी मला बसावं लागलं तर."

"मुळीच नाही," ती म्हणाली.

पलीकडची उतरण लांबलचक आणि सौम्य होती. ऊन पाठीवर येत होतं. या उतरणीवर सीटवालीला दरवर्षी हमखास डुलकी लागायची. मागे बसून तिचं हेल्मेट मास्तरच्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं, आणि मास्तर पुढच्यांना ओरडून सांगायचा की हिचं घड्याळ वाजलं. चेष्टा करायचा, पण वेग कमी करायचा.

तिने आरशात बघितलं. काल तिथे मास्तरचा चेहरा मावत नव्हता. आज नुसता मागे सरत जाणारा रस्ता होता आणि खिंडीच्या माथ्यावर उतरत असलेले ढग.

टक.

तिने वेग कमी केला आणि कोपराने मागे हलकेच ढोसलं. "मास्तर, जागे आहात ना?"

"जागाच आहे," मागून जाड आवाज आला. "चालव तू."

पुढच्या सरळ पट्ट्यावर परत वाजलं, टक. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि तो नीट जागा होईपर्यंत नदीकडे बघत बसून राहिली.